पाटावरचा पाना

९ ऑक्टोबर, सोमवार

ही वही भाषणांचे मुद्दे काढायला आणली होती. आजपासून तिच्यात दुसरंच काही लिहावं लागेल असं दिसतंय. आज सकाळी मला माझ्याच गाडीची भीती वाटली, आणि ती कुणाजवळ बोलून दाखवता येण्यासारखी नाही.

खानवेलहून निघालं की जंगलातला चढ लागतो. तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना जळक्या तेलाचा वास आला. माझी बायको कावेरी माझ्या शेजारी होती; तीही याच फॅक्टरीत कामाला, आठांतली एक. तिनं पाय वर घेतले. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांखाली आहे. म्हणजे मी आणि कावेरी त्या इंजिनावर बसतो, आणि बाकीच्या सात जणी आमच्या पाठीमागे, ज्यावर गाडी चालते त्या गॅसच्या टाकीला टेकून.

फॅक्टरीच्या गेटवर बायका उतरल्यावर मी सीट उचलली. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालून तेल पाझरत होतं आणि ओघळून खालच्या तापलेल्या पाईपवर पडत होतं. मी बघत असताना एक थेंब पडला. चर्र झालं, धुराचा एक दोरा उठला आणि विरला.

मी या फॅक्टरीत अकरा वर्षं होतो. बायकांना कंत्राटदाराच्या उघड्या टेम्पोतून आणायचे, पंचवीस-पंचवीस, उभ्यानं. मे महिन्यात सुरंगी गावाजवळ त्यांतली सोनी टेम्पोतून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. त्या दिवशी मी गेटवर पाऊण तास बोललो. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. तिसऱ्या दिवशी खानवेलच्या बाजारात टेबलावर उभं राहून मी जाहीर केलं की मी गाडी चालवणार. आठ बायका, आठ जागा, नववी बसणार नाही आणि उभं कुणी राहणार नाही. जे बोललो ते केलं. जूनपासून एकही खाडा नाही.

आता एका थेंबासाठी त्या आठ जणींना परत टेम्पोत चढवू?

११ ऑक्टोबर, बुधवार

सिल्वासाजवळ डोकमर्डीला झुंबरभाऊंच्या गॅरेजमध्ये गेलो. झुंबरभाऊ आमच्याच अमळनेर बाजूचे. वय साठीचं, बोलणं थोडं, हात स्वच्छ. मेकॅनिकचे इतके स्वच्छ हात मी पाहिले नाहीत.

त्यांनी सीट उचलली, बोट फिरवलं, वास घेतला. म्हणाले, टॅपेट कव्हरचं, म्हणजे त्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं. जुनं रबर कडक होऊन बांगडीसारखं झालंय, ते आता दबत नाही, म्हणून तेल वाट काढतंय. वापीहून नवं पॅकिंग मागवावं लागेल, सणाचे दिवस आहेत, आठ-दहा दिवस लागतील. तोवर रोज पाईप पुसायचा. वास येतोय तोवर चालवा, धूर दिसला की थांबा, आणि जाळ... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी म्हटलं, मग आत्ता बोल्ट आवळून टाका. ते हसले.

"भाऊ, हे ताकदीचं काम नाही, मापाचं आहे. रबर दाबायचं, चिरडायचं नाही."

मग त्यांनी फडक्यातून एक लांब पाना काढून दाखवला. त्याला टॉर्क पाना म्हणतात. दांड्यावर माप लावलं की तेवढाच जोर घेतो आणि टक् करून सांगतो. टक् झालं की हात काढायचा. त्यांनी तो पुन्हा फडक्यात असा गुंडाळला, जसा एखादा पोथी गुंडाळतो. कंपन्या भाग कसे मुद्दाम कच्चे बनवतात यावर मी दहा मिनिटं बोललो. झुंबरभाऊंनी ऐकून घेतलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पॅकिंग आलं नाही. रोज तीनदा पाईप पुसतो. चिंध्यांचा ढीग झाला. चढावर माझं बोलणं आपोआप वाढतं, कारण गप्प बसलं की कान इंजिनाकडे जातात. आज कामाच्या तासांचा जगभरचा इतिहास सांगत होतो. मागून पुतळाबाई म्हणाली, "भाऊ, आजची सभा कुठवर? मले सुरंगी यायच्या आत थोडं झोपायचं होतं." सगळ्या हसल्या. पुतळाबाई वयानं सगळ्यांत मोठी, पॅकिंग खात्यात सोळा वर्षं. तिनं होकार दिला म्हणून बाकीच्या माझ्या गाडीत आल्या. हे मला माहीत आहे आणि तिलाही.

हसलो मीही. पण कान इंजिनाकडेच होते.

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

आज मी एक लढाई जिंकलो. सविस्तर लिहितो.

पॅकिंग सकाळी आलं. बायकांना गेटवर सोडून मी थेट डोकमर्डीला गेलो. झुंबरभाऊंनी झाकण काढलं, जुनं पॅकिंग सोलून काढलं, कडा फडक्यानं पुसून कोरड्या केल्या, नवं रबर खाचेत बसवलं, झाकण ठेवलं आणि सहाही बोल्ट बोटांनी लावले. बाकी होतं ते फक्त आवळणं. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी बाजूला गेलो. परत येतो तो काय, झुंबरभाऊंच्या घरून ताट आलेलं आणि सगळी हत्यारं भिंतीजवळ पाटावर मांडलेली. पाने, हातोड्या, पक्कड, आणि मधोमध तो टॉर्क पाना. हळद-कुंकू लागलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली.

मी म्हटलं, भाऊ, तो पाना घ्या आणि पाच मिनिटांचं काम संपवा. ते म्हणाले, आता नाही. एकदा पूजेला बसली की उद्या संध्याकाळपर्यंत हत्यारं उचलत नाही. सकाळी बोललो होतो, बाराच्या आत हवं म्हणून. फोन तुम्हीच लांबवला.

फोन लांबला होता हे खरं. सभेचा होता.

मी म्हटलं, साडेतीनला आठ बायका सुटतील, उद्या दसऱ्याला कंटेनर भरायचा आहे म्हणून त्यांना सुट्टी नाही, त्यांनी काय करायचं? त्यांनी शांतपणे सांगितलं की साडूची जीप सांगून ठेवली आहे, आज आणि उद्या ती बायकांना आणेल-नेईल. म्हणजे माझ्या बायका दुसऱ्याच्या गाडीत. ते ऐकलं आणि माझा तोल गेला. गॅरेजसमोर माणसं जमली. मी बोललो. लोखंडाला देव नसतो, असं बोललो. ज्या हातांनी हत्यार घडवलं त्या हातांना पूजेत कोंडणारा समाज यंत्रयुगात उभा राहू शकत नाही, असंही बोललो. दोन-तीन तरुणांनी टाळ्या वाजवल्या.

झुंबरभाऊ सगळं ऐकून म्हणाले, "देवाचं सोडा. मी वर्षातून एक दिवस हात रिकामे ठेवतो. त्या दिवशी कळतं, आपला हात कुठे कुठे आपोआप जातो. आणि भाऊ, माप त्या पाटावर आहे. मापाशिवाय मी हे आवळणार नाही."

"मग मी आवळतो," म्हटलं.

माझ्या गाडीच्या पिशवीत दहा नंबरचा पाना होता. पुढच्या कोपऱ्यातला बोल्ट आधी घेतला, मग एकामागून एक गोल फिरत सहाही. माझ्या मनगटात जेवढं होतं तेवढं दिलं. आठ माणसांचा जीव आहे, कंजुषी कशाला? झुंबरभाऊ दोनदा म्हणाले, "बस भाऊ. बस." म्हातारी माणसं भितात. मग ते पाटाजवळ जाऊन बसले.

साडेतीनला मी गेटवर हजर होतो. जीप आली होती, तिला परत पाठवलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

वास नाही. चढावर नाही, उतारावर नाही. पाईप कोरडा, बोट फिरवलं तर नुसती धूळ.

संध्याकाळी झुंबरभाऊ आपट्याची पानं घेऊन घरी आले. मला वाटलं राग धरला असेल, पण नाही. जाताना विचारलं, किती आवळलं होतं? म्हटलं, आयुष्यात गळणार नाही इतकं. ते चप्पल घालता घालता थांबले, कावेरीकडे बघितलं आणि गेले.

२९ ऑक्टोबर, रविवार

सिल्वासात आपल्या मराठी माणसांच्या मंडळाच्या सभागृहात आज माझं व्याख्यान होतं. विषय श्रम आणि श्रद्धा. खंडेनवमीची हकिकत सांगितली. नाव घेतलं नाही, पण ‘पाटावर बसलेला पाना आणि गेटवर उभ्या आठ आया’ म्हटल्यावर सभागृह हललं. लोकांना कळलं कोण ते. काही जण मागे वळून बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की झुंबरभाऊ शेवटच्या रांगेत बसलेत. चहाच्या आधी ते उठून गेले.

एवढं बोलायला नको होतं का? पण खरं बोलायचं तर नावागावाची पर्वा करून चालत नाही. गाडी सहा दिवस कोरडी आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

१ नोव्हेंबर, बुधवार

वास आला.

आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक वळून गेला तरी वास तसाच होता. गेटवर सीट उचलली. पुढच्या कोपऱ्यातून तेल, आणि आता मागच्या कोपऱ्यातूनही. पूर्वी एकाच जागी होतं.

पॅकिंग खोटं निघालं. वापीच्या दुकानदारानं नक्कल दिली. दुसरं काही असूच शकत नाही, कारण बोल्ट मी स्वतः आवळलेत. सहाही बोल्टांना अर्धा-अर्धा फेरा आणखी दिला. दोन बोल्ट फिरायला तयार नव्हते, त्यांना फिरवलं.

झुंबरभाऊंकडे जावं असं मनात आलं. व्याख्यानाला तीनच दिवस झालेत. कुठल्या तोंडानं जाऊ?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

वाढलंय. आज चढावर सीटच्या फटीतून धुराची रेघ आली. कावेरीनं पदर नाकाला लावला. मी मोठ्यानं बोलत राहिलो, काय बोललो आठवत नाही.

गाडीत शिस्त बिघडत चालली आहे. पुतळाबाई नेहमी मागे, खिडकीशी बसायची. आता दाराजवळची जागा तिनं घेतली आणि तिथून हलत नाही. सरकतं दार पुरतं लावत नाहीत, चार बोटं उघडं ठेवतात. म्हणतात हवा येते. नोव्हेंबरच्या सकाळी कसली हवा? चालत्या गाडीचं दार उघडं असणं किती धोक्याचं, यावर मी सुरंगी फाट्यापर्यंत बोललो. सोनीला म्हटलं, तू तरी सांग, तू पडलीस टेम्पोतून. तिनं मान खाली घातली. दार तसंच राहिलं.

साड्यांचे काचेही आता सगळ्या जणी वर खोचून बसतात. थंडीचे दिवस आणि उलटंच चाललंय.

५ नोव्हेंबर, रविवार

हे लिहू की नको असा विचार करत दुपार गेली. लिहितो. या वहीशी तरी खोटं बोलायचं नाही.

सकाळी गाडी घराच्या मागे घेतली आणि बोल्ट आणखी आवळायला बसलो. पुढच्या कोपऱ्यातला बोल्ट सुरुवातीला जड होता. मग एकदम हलका झाला. लोण्यात फिरावा तसा पाना फिरायला लागला. थोडा वेळ मला आनंद झाला, वाटलं बसला. मग कळलं. आटे गेले. बोल्ट धरायला आत आता काहीच नाही. तो बोटानं वर आला, त्याच्या आट्यांत पांढऱ्या धातूची भुकटी अडकली होती. ती इंजिनाची भुकटी होती.

मी किती वेळ तो बोल्ट हातात धरून बसलो माहीत नाही. मग गाडी तिथेच ठेवून बसनं सिल्वासाला गेलो आणि फटी बुजवायच्या सिलिकॉन पेस्टची ट्यूब आणली. बोल्टला पेस्ट लावली, भोकात बसवला, झाकणाच्या कडेनंही जाड ओळ ओढली. वरून बघितलं तर सहा बोल्ट दिसतात. पाचच धरतात. त्यातलाही कुठला किती धरतो, देव जाणे. मी, आणि देव जाणे असं लिहितोय.

उद्या गाडी बंद ठेवावी हे मला कळतं. बंद ठेवली तर का ते सांगावं लागेल. सांगितलं तर टेम्पो. निदान मी स्वतःला कारण तेच देतो. या वहीत खरं कारण लिहायला मला एक पान लागलं. मला माझ्या तोंडून ते बाहेर पडण्याची भीती वाटते. दिवाळीची सुट्टी लागली की गुपचूप वापीला नेऊन दुसऱ्याकडून दुरुस्त करून आणीन. पाच दिवस काढायचे आहेत.

पाच दिवस, दहा फेऱ्या, आठ बायका.

६ नोव्हेंबर, सोमवार

गेटसमोर झाडाखाली उभा होतो. झुंबरभाऊ सायकलवरून आले. मुद्दाम आले होते. गाडीला हात लावला नाही, टायरकडे बघत म्हणाले, "गाडी एक दिवस माझ्याकडे सोडा. जीपची व्यवस्था करतो."

 सीट उचलली असती तर पेस्ट दिसली असती. मी म्हटलं, गाडी उत्तम आहे, आणि माझ्या व्याख्यानाबद्दल काही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा. ते म्हणाले, व्याख्यान चांगलं होतं. सायकल वळवली, मग पुन्हा थांबले. पॅकिंगमध्ये खोट असेल तर ती माझी, मी आणलं होतं, बायकांनाही मी तसंच सांगितलंय, असं म्हणाले.

म्हणजे चूक त्यांनी कबूल केली! मला हलकं वाटायला हवं होतं. छातीवरचं ओझं मात्र वाढलं. का ते कळत नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

परवा मी पेस्ट आणायला गेलो असताना झुंबरभाऊ आमच्या घरी येऊन गेले, असं शेजारचे सुकदेव आज सहज बोलले. पुतळाबाई आणि सोनीही होत्या म्हणे. कावेरीला विचारलं. ती म्हणाली, दसऱ्याचं सोनं द्यायचं राहिलं होतं. दसऱ्याला ते स्वतः पानं देऊन गेले होते, माझ्यासमोर. मी पुढे विचारलं नाही. लपवाछपवी करणाऱ्यानं दुसऱ्याला काय विचारायचं?

गाडी झाडताना कावेरीच्या सीटमागे सिमेंटची एक लहान गोणी सापडली, नदीची वाळू भरलेली, तोंड सैल बांधलेलं. म्हटलं हे काय? म्हणाली, दिवाळीत अंगणात किल्ला करायचाय. आम्हाला मूल नाही. शेजारच्या पोरांसाठी असेल. बाईच्या मनात काय काय असतं.

आज चढावर धूर डोळ्यांत गेला. मी वेग कमी केला. मागे सातांतली एकही बोलत नव्हती. मीही बोललो नाही. आरशात बघितलं तर सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चढाचं तिसरं वळण.

आधी आवाज आला, कढईत फोडणी पडते तसा. मग कावेरीच्या सीटखालून धूर, रेघ नव्हे, लोटच. आणि धुराच्या मुळाशी पिवळं काहीतरी हललं. मी ब्रेक दाबला. गाडी कडेला थांबली. त्यानंतर मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी काहीच केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर त्या पिवळ्यावर. एक महिना ज्याला घाबरत होतो ते समोर आलं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो.

कावेरीनं हात लांब करून चावी फिरवली. मागे दार सरकल्याचा आवाज, आणि पुतळाबाईचा, अजिबात न चढलेला: एक. दोन. तीन. नंबर घातल्यासारख्या बायका उतरत होत्या, कुणी कुणाला ढकललं नाही. सोनी शेवटची. तिनं उतरायच्या आधी मागे वाकून गॅसच्या टाकीची तोटी बंद केली. उजवं मनगट वळत नाही म्हणून डाव्या हातानं केली, आणि ते करताना चाचपडली नाही. हे तिनं आधी केलेलं होतं.

कावेरी खाली उतरली, तिनं सीटची कडी काढली, सीट हातभरच उचलली आणि ती गोणी आत रिकामी केली. मग पुतळाबाईनं माझ्या शर्टाच्या मागच्या बाजूला धरून मला बाहेर ओढलं. मी गाडीतून उतरलेला शेवटचा माणूस होतो, आणि एकटाच असा, ज्याला कसं उतरायचं ते शिकवलेलं नव्हतं.

जाळ विझला. धूर बराच वेळ येत राहिला. आम्ही लांब, सागाच्या झाडांखाली उभे होतो. सात जणी एका बाजूला, मी दुसऱ्या. समोर श्रोते असले की मला शब्द शोधावे लागत नाहीत. आज शोधूनही सापडेनात. शेवटी म्हणालो, "ते सहाही बोल्ट मी आवळले. एकाचे आटे मीच घालवले. रविवारपासून मला माहीत होतं, आणि तरी तुम्हाला त्यावर बसवून आणत होतो. झुंबरभाऊंचा काही दोष नाही."

मला वाटलं आता शिव्या पडतील. पुतळाबाई पदरानं हात पुसत म्हणाली, "आम्हाले माहीत होतं भाऊ."

मग तिनंच सगळं सांगितलं. वासाची भीती त्यांना माझ्याही आधीपासून होती. कावेरीनं झुंबरभाऊंना बोलावलं. रविवारी, मी पेस्ट आणायला गेलो असताना, त्यांनी सीट उचलून बघितलं आणि बघताच म्हणाले की हे रबर चिरडलंय, आणि एक बोल्ट गेलाय. भाऊंना तुम्ही सांगू नका, ते पुन्हा पाना घेऊन बसतील. त्यांनी स्वतः गाडी आणून दिली पाहिजे, मी उद्या मागून बघतो, असं झुंबरभाऊ त्यांना म्हणाले होते. मी दिली नाही. तेव्हा त्यांनी बायकांना वाळू कुठे ठेवायची, तोटी कुठे असते, कुणी आधी उतरायचं, सगळं दाखवलं. फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाकांवर बसून ते गिरवलं. पुतळाबाई नंबर म्हणायची.

"तरी बसलात कशाला?" मी विचारलं.

"बसून ठरवलं आम्ही," ती म्हणाली. "टेम्पोतून पडायचं का तुमच्या गाडीत जळायचं. पडताना आधी कळत नाही. जळायच्या आधी उतरता येतं."

मग सोनी पुढे आली. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत वाट पाहणार होतो. तुम्ही कधी सांगता त्याची."

कावेरी गाडीजवळ उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या डाव्या हाताची बोटं भाजली होती, ती पदरात गुंडाळली होती. ती रोज त्या इंजिनावर बसत होती. सोळा वर्षांच्या संसारात मला ऐकायची सवय लावायला तिला वाळूची गोणी भरावी लागली.

१९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. सुट्टी सोडून बाकीचे दिवस बायका झुंबरभाऊंच्या साडूच्या जीपमधून गेल्या-आल्या. मी त्या जीपला हात दाखवायलाही रस्त्यावर उभा राहिलो नाही.

सकाळी मंडळाकडे पाच मिनिटं मागितली होती. एक मिनिट पुरलं. २९ तारखेला मी सांगितलेल्या गोष्टीतला खोटा भाग कुठला ते सांगितलं आणि खाली उतरलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शेवटच्या रांगेत बघितलं. झुंबरभाऊ नव्हते. त्यांना गॅरेजमध्ये काम होतं, माझ्याच गाडीचं.

दुपारी गेलो. त्यांनी इंजिनाच्या भोकात नवे आटे पाडून घेतले होते, वाकलेलं झाकण बदललं होतं, माझी पेस्ट सुरीनं कणाकणानं खरवडली होती. एका वाटीत ते लालसर तुकडे ठेवले होते. म्हणाले, यातला एक जरी आत तेलाच्या जाळीत अडकला असता तर इंजिन कोरडं पडलं असतं. जाळ नसता झाला तरी. मी ती वाटी बघत बसलो.

मग त्यांनी फडकं सोडलं आणि टॉर्क पाना माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, नको. माझ्या हातानं नको.

"तुमच्याच हातानं," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही घरी जाऊन पुन्हा आवळाल."

मधला बोल्ट आधी, मग समोरचा, मग तिरका. गोल नाही. पहिला बोल्ट इतक्या लवकर टक् म्हणाला की मला विश्वासच बसेना. हाताला वाटत होतं काहीच झालं नाही, हे सैल आहे, हे गळेल, आठ बायका आहेत. हात पुढे जात होता. तो मला थांबवता येईना.

"सोडा," झुंबरभाऊ म्हणाले.

सोडला. सहा बोल्ट, सहा वेळा. शर्ट पाठीला चिकटला होता.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठही जणी आल्या. कुणी जीपमध्ये थांबेल असं वाटलं होतं. कावेरी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून शेजारी बसली. तिच्या सीटमागे नवी गोणी होती, भरलेली. मी विचारलं नाही.

चढ लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला वाळू आणि काळा डाग अजून आहे.  मी कान लावले होते, नाक लावलं होतं. वास आला नाही. नाही, म्हणजे मला आला नाही. कावेरीकडे बघितलं. तिचे पाय खाली होते.

सुरंगी फाट्यावर पुतळाबाई म्हणाली, "बोला भाऊ आता. सभा सुरू करा."

मी आरशात बघितलं. म्हटलं, दार नीट लागलंय का?

"नाही," सोनी म्हणाली. "चार बोटं उघडं आहे."

"राहू दे," मी म्हटलं.